मरहूम इद्रीसच्या नावाचं पाकीट

राजपुरीत कुबराच्या जिभेला सगळा मोहल्ला टरकून असतो. वजनात मारणारा सुपारीचा दलाल असो, नाहीतर किल्ला बघायला आलेला आणि हिच्या दारात गाडी आडवी लावून गाणी ठोकणारा पुण्यामुंबईचा पाहुणा असो, कुबरा ओट्यावरून एकदा सुरू झाली की पाहुणा गाडी मागे घेतो, दलाल मुकाट्याने पुन्हा वजन करतो आणि शेजारच्या बायका दाराआडून हसतात. पाण्याच्या पाइपासाठी रस्ता खणून तसाच टाकून गेलेल्या ठेकेदाराला तिने भर बाजारात असा धुतला होता की तो दुसऱ्या दिवशी स्वतः उभा राहून खड्डे बुजवून गेला. वय साठीच्या आसपास, अंगाने काटकुळी, डोक्यावरची ओढणी सतत घसरणारी आणि हातात सदा सुपारी सोलायची सुरी. अशी ही बाई पोस्टमन दिसला की मागच्या दाराने परसात पळते, असं सांगितलं असतं तर राजपुरीत कुणाला खरं वाटलं नसतं. पण गेल्या पावसाळ्यानंतर तसं घडत होतं.

तिचा नवरा इद्रीस जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. इद्दतीचे, नवरा गेल्यावर बायकोने घरात बसायचे, दिवस संपून ती नुकती कुठे बाहेर पडायला लागली होती. पुन्हा वाडीवरून सुपारीची पोती यायला लागली होती, पुन्हा दुपारचं सोलणं सुरू झालं होतं. अशात एका दुपारी पोस्टमन सुजितने एक लांबट पाकीट ओट्यावर ठेवलं. पाकिटाला पुढून खिडकी, खिडकीत इद्रीसचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आणि त्यामागे 'कै.' लावलेलं. मुसलमानाच्या नावामागे 'कै.' बघून तिला आधी हसू आलं. आमच्यात मेलेल्या माणसाला मरहूम म्हणतात, हे या मेल्यांना कुणी सांगितलं नाही वाटतं, असं ती सुजितला म्हणालीसुद्धा. तो हसून पुढे गेला आणि हिने पाकीट फोडलं.

कुबरा उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मराठी ती एसटीच्या पाट्यांवरून आणि वाण्याच्या पुड्यांवरून शिकली, त्यामुळे वाचते पण अडखळत. त्या कागदावर वर इंग्रजीत कंपनीचं भलंमोठं नाव होतं, शिक्के होते, खाली कुणाचीतरी वळणदार सही होती. मधल्या मराठी मजकुराचा अर्थ असा की तुमच्या मयत पतींनी घेतलेल्या कर्जावर जादा व्याज लावण्यात आलं होतं, ते परत मिळण्यास तुम्ही वारस म्हणून पात्र आहात, आमची कंपनी ते तुम्हाला मिळवून देईल, तरी त्वरित संपर्क करावा.

दुसरी कुणी असती तर घबाड मिळालं म्हणून हरखली असती. कुबरा घाबरली. परत मिळणाऱ्या पैशाकडे तिचं लक्षच गेलं नाही. तिला त्या कागदावर दोनच शब्द दिसले, कर्ज आणि व्याज.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं वाटेल एखाद्याला. पण कुबराच्या घरात व्याज म्हणजे हराम, घ्यायचंही नाही आणि द्यायचंही नाही. पोस्टात ठेवलेल्या पैशांवर वर्षाकाठी जे काय व्याज चढायचं तेसुद्धा ती वेगळं काढून मोहल्ल्याच्या संडासाच्या दुरुस्तीला देऊन टाकायची. देताना त्याचं पुण्य मागायचं नाही, कारण तो पैसा आपला नाहीच. आणि कर्जाची भीती त्याहून मोठी. माणूस कर्जात गेला तर ते फिटेपर्यंत त्याची रूह अडकून राहते, हे ती परकर घालायची तेव्हापासून ऐकत आलेली. म्हणूनच तर मयतीच्या नमाजाआधी घरचा एक पुरुष सगळ्यांसमोर उभा राहून विचारतो. इद्रीसच्या वेळी त्याचा धाकटा भाऊ शब्बीर उभा राहिला होता. भाईच्या अंगावर कुणाचं काही देणं असेल तर ते आजपासून माझ्या जिम्म्यावर, माझ्याकडे या, नाहीतर अल्लाच्या वास्ते माफ करा, असं तो रडत रडत म्हणाला होता. कुणी पुढे आलं नव्हतं. घरी बायकांनी रीतीप्रमाणे कुबराला महर, लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, माफ कर म्हणून सांगितलं, तेव्हा तिने मान वर करून उत्तर दिलं होतं की माझा महर त्यांनी लग्नाच्या दिवशीच रोख मोजलाय, माफ करायला शिल्लक काय आहे. त्या दुःखातही तिला त्या गोष्टीचा केवढा अभिमान वाटला होता.

आणि आता हे पाकीट. म्हणजे देणं होतं. म्हणजे नमाजाला जमलेल्या भरल्या जमातीसमोर शब्बीर जे बोलला ते अर्धवट होतं, आणि तिचा माणूस तिकडे मातीत अडकून पडला होता.

तिने कागदाची घडी घातली आणि तांदळाच्या डब्याखाली सरकवली. त्या दिवशी तिच्याच्याने एक पोतं पुरं झालं नाही.

सांगायचं कुणाला? लेक काशिफा म्हसळ्याला दिलेली, तिला दिवस गेलेले. पोराला, मुसअबला, फोन करावा तर तो दोह्यात, उन्हातान्हात राबणारा. तो तिथे बसून काय करणार, उगीच जीव जाळून घेणार. राहिला शब्बीर. खरं तर पहिलं त्यालाच सांगायला हवं होतं. पण तिथेच तर अडत होतं. शब्बीरने जबान दिलेली. भाईचं देणं निघालंय म्हटल्यावर तो एक दिवस थांबला नसता, मुरुड-राजपुरी लायनीवरची आपली मिनिडोर विकून मोकळा झाला असता. त्या एका गाडीवर त्याचं सगळं घर चालतं, वरून छातीत स्टेंट टाकलेले. कुबराने ठरवलं, हे आपलं आपणच निस्तरायचं. माणूस घाबरला की नेमका नको त्या ठिकाणी शहाणपणा करतो, तसं तिचं झालं.

महिन्याभरात दुसरं पाकीट आलं. या वेळी वर लाल शाईत 'अंतिम संधी' असं छापलेलं. सुजितला वाटलं भाभी आता कंपनीला शिव्या घालेल, तो ऐकायला थांबलासुद्धा. तिने निमूट पाकीट घेतलं आणि दार लावलं. तिसरं आलं तेव्हा ती परसातल्या विहिरीमागे जाऊन उभी राहिली आणि मोटरसायकलचा आवाज लांब जाईपर्यंत तिथून हलली नाही.

भीती एकटी कधी येत नाही, ती सोबत संशय घेऊन येते. कुबरा दुपारी पोतं पुढ्यात ओढून बसायची आणि हात चालत असताना डोक्यात इद्रीसची शेवटची वर्षं उलगडत राहायची. कतारहून परत आल्यावर त्याने एका मच्छीमार बोटीत अर्धा वाटा घेतला होता. बोट बरी चालली होती. आणि एक दिवस अचानक त्याने तो वाटा विकून टाकला. गुडघे दुखतात, समुद्र झेपत नाही, एवढंच कारण. त्या पैशाचं काय केलं, हे तिने विचारलं होतं, तेव्हा जुनं डिझेलचं बिल होतं, खलाशांचे पगार होते, त्यात गेले, असं काहीबाही तो बोलला. तेव्हा तिने फार खोलात जाऊन विचारलं नाही, कारण तिला राग पैशाचा नव्हताच. धडधाकट बाप्या घरात बसला, याचा होता.

आणि तो राग तिने गिळला नव्हता. इद्रीस तिच्या शेजारी पाट टाकून सुपारी सोलायला बसायचा, बायकांच्या घोळक्यात एकटा पुरुष. येणारे-जाणारे गालात हसायचे. कुबराची जीभ मग थांबायची नाही. घरकोंबडा झालाय माझा नवरा, गुडघे नमाजाला बरे वाकतात आणि बोटीवर चढायला मोडतात, आता ओढणी तेवढी घ्यायची बाकी आहे. असं ती चारचौघीत बोलायची. तो मान खाली घालून सोलत राहायचा. तेव्हा तिला वाटायचं, याला लाज म्हणून नाही. आता त्या कागदाने तिच्या मनात दुसरंच भरवलं. बोट अशी कशी विकली? पैसा गेला कुठे? कर्ज काढलं कशाला? कतारमध्ये एवढी वर्षं काढली, तिथे दुसरं बिऱ्हाड तर नव्हतं? मुंबईत कुणी होती का? ज्या माणसाचा लग्नाचा पैगाम आला तेव्हा तिने लगेच हो म्हटलं होतं, ज्याच्या कफनाला तिने स्वतःच्या हाताने अत्तर लावलं, त्याच्याविषयी ती असलं काही मनात आणत होती. स्वतःचीच तिला किळस यायची, पण विचार थांबत नव्हता. नमाजानंतर दुवेला हात उचलले की इद्रीसचं नाव तोंडात अडकायचं. तुम्ही काय करून ठेवलंत, एवढंच मनात यायचं आणि हात खाली यायचे.

शेवटी तिने कागदावरच्या नंबरावर फोन लावला. तिला फक्त एकच गोष्ट विचारायची होती.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलणारा, आवाजाने फार गोड. माताजी, माताजी करत त्याने आधी इद्रीसच्या जाण्याबद्दल दुःख व्यक्त केलं, मग रिफंडचं पुराण लावलं. कुबराने त्याला मध्येच तोडलं. मला तुमचे पैसे नकोत, ती म्हणाली, मला एवढंच सांगा, कर्ज फिटलंय का न्हाय?

झालं. हिने आपल्या हाताने त्याला दुखरी नस दाखवली. असली माणसं दिवसभरात शेकड्याने फोन घेतात, पण रिफंड नको आणि नवरा कर्जातून सुटू दे, असं म्हणणारी बाई त्याला पहिल्यांदाच भेटली असेल. पण हुशार मेला. लगेच आवाज खाली आणून म्हणाला, माताजी, खाता तो अभी खुला है. खातं उघडं आहे, बंद करायचं तर फाइल चार्ज भरावा लागेल, मग आम्ही तसा दाखला देऊ, मग तुमचे पती मोकळे.

मोकळे हा शब्द त्याने नेमका कुठून काढला कोण जाणे. कुबराने दुसऱ्या दिवशी सुपारीच्या मजुरीचे साठवलेले पैसे रुमालात बांधले आणि नाक्यावरच्या प्रांजलीच्या मोबाइलच्या दुकानात जाऊन त्या नंबरावर टाकायला सांगितले. प्रांजलीने सहज विचारलं, कुणाला गो भाभी? काशिफाला, औषधाला, असं हिने सांगितलं.

दाखला काही आला नाही. फोन मात्र यायला लागले. आधी तोच गोड आवाज, मग दुसरा, जरा करडा. फाइल चार्ज झाला, आता शिल्लक रकमेचा चार्ज. नाही भरला तर केस कोर्टात जाईल. मग एका दुपारी त्या करड्या आवाजाने सांगितलं की थकबाकीदारांच्या नावाची नोटीस आम्ही घरावर लावतो, आणि गावात जिथे लोक जमतात तिथेही लावतो. मशीद आहे ना तुमच्याकडे?

सुरी घसरून अंगठ्यात गेली ते कुबराला ओढणीला रक्त लागल्यावर कळलं. तिच्या डोळ्यासमोर मशिदीची ती भिंत आली, जिथे रमजानचं वेळापत्रक लावतात. तिथे इद्रीसचं नाव. शुक्रवारी, जुम्म्याला येणारा प्रत्येक माणूस ते वाचणार, आणि मग सगळ्यांच्या माना वळणार त्या शब्बीरकडे, ज्याने तिथेच उभं राहून जबान दिली होती. त्या माणसाची छाती तिथल्या तिथे बसेल. तिने फोनवरच गयावया केली. नोटीस लावू नका, मी भरते, आठ दिवस द्या. राजपुरीची कुबरा आयुष्यात कुणापुढे एवढी वाकल्याचं ऐकिवात नाही.

मोहल्ल्यातल्या बायकांच्या लक्षात आलं होतं की ओट्यावरून आवाज येईनासा झालाय. पाहुण्यांच्या गाड्या खुशाल दारात उभ्या राहू लागल्या. बिचारी एकटी पडली, आता मरहूमची आठवण येत असेल, असं त्या आपापसात म्हणाल्या. एकीने कालवण आणून दिलं. ते तिने तसंच झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मांजरीला घातलं.

हातातल्या सोन्याच्या बांगड्या इद्रीसने कतारच्या पहिल्या पगारातून केलेल्या. गहाण ठेवाव्यात तर पुन्हा व्याज, म्हणून तिने त्या मोडायचं ठरवलं. मुरुडच्या बाजारात एका जुन्या सोनाराकडे ती गेली. हात सुजलेले, बांगड्या निघेनात. सोनाराच्या बायकोने साबण लावून काढल्या. सोनार भला माणूस, घाई काय आहे, लेकीला विचारा, असं त्याने दोनदा म्हणून पाहिलं. घराची कौलं बदलायची आहेत, असं तिने भिंतीकडे बघत सांगितलं. पैसे पिशवीच्या तळाशी ठेवून वर कोथिंबिरीची जुडी टाकली आणि ती एसटी स्टँडवर आली, कारण मिनिडोरने गेलं तर शब्बीर भेटायचा.

पण दुपारची एसटी रद्द झाली होती. स्टँडवर उभी असताना समोरून शब्बीरचीच गाडी आली आणि त्याने भाभी बसा म्हणून हाक मारली. नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. ती मागे कोपऱ्यात अंग चोरून बसली, पिशवी पोटाशी धरून, हात ओढणीत लपवून. बाकीची माणसं एकदऱ्याला उतरून गेली. पुढे चढण लागली, गाडीने हिसका दिला आणि कुबराने आधाराला वरची दांडी पकडली. शब्बीरने आरशात बघितलं. मोकळं मनगट आणि त्यावर साबणाने सोलवटलेली लाल कातडी.

त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. खाली खाडी, पलीकडे समुद्र, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"भाभी, बांगड्या कुठे हायत?"

तिने काहीतरी कौलांचं सांगायला तोंड उघडलं आणि तिच्या घशातून भलताच आवाज निघाला. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. पाकिटं, लाल शाई, फोन, प्रांजलीचं दुकान, मशिदीची भिंत. तू ऐकू नकोस, तुझ्या छातीला त्रास होईल, असं ती मध्येमध्ये म्हणत होती आणि सांगतही होती. शेवटी तिने त्याचे हात धरले. म्हणाली की तू जबान दिलीस पण तुला माहीत नव्हतं, तुझा काही कसूर नाही, हे देणं मी फेडते, तू गाडी विकू नकोस.

शब्बीरचा चेहरा पांढरा पडला होता. कुबराला वाटलं, झालं, याची छाती गेली. मग तो हळूच म्हणाला, "भाभी, मला माहीत होतं."

तिला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय.

शब्बीरने सांगितलं ते असं. मुसअब पहिल्यांदा गेला तो मस्कतला. एजंटने त्याला फसवलं होतं. विजा खोटा निघाला, पासपोर्ट दुसऱ्याच कुणीतरी दाबून ठेवलेला, पोर एका गोदामात लपून दिवस काढत होता. त्याला सोडवून आणायला आणि मग दोह्याचं खरं काम लावायला रक्कम लागणार होती, आणि ती ताबडतोब लागणार होती. दारोदार मागायला वेळ नव्हता. इद्रीसने अलिबागच्या एका फायनान्सवाल्याकडून कर्ज उचललं, व्याजाचं. जामीन राहिला शब्बीर. कुबराला एवढंच सांगितलं की मस्कतचं काम जमलं नाही, एजंटने पैसे परत दिले, त्यातूनच दोह्याचं झालं. पोर सुखरूप दोह्याला लागला त्याच महिन्यात इद्रीसने बोटीतला वाटा विकला आणि कर्ज मुदलासकट, व्याजासकट एकरकमी फेडलं. फायनान्सच्या ऑफिसातून दोघं बाहेर पडले तेव्हा इद्रीसने रस्त्यातच शब्बीरला मिठी मारली होती.

"जनाज्यापुढे मी उगाच न्हाय उभा राहिलो," शब्बीर म्हणाला. "भाईच्या अंगावर एक पैसा नव्हता. माझ्या डोळ्यासमोर फिटलंय."

आणि हे कागद? तसले कागद शब्बीरने आधीच पाहिले होते. मागच्याच महिन्यात चौलचे रत्नपाल गुरुजी त्याच्या गाडीत बसले होते, रिटायर मास्तर. त्यांच्या मरहूम बायकोच्या नावानेही असंच पाकीट आलं होतं. बचत गटाचं जुनं फिटलेलं कर्ज, त्याचा रिफंड म्हणे. एवढा शिकलेला माणूस, पेन्शनीतून तीनदा पैसे भरून बसला, मग रेवदंड्याच्या पोलिसांत गेला तेव्हा साहेबाने तसल्याच पाकिटांचा ढीग दाखवला. कुणाचं कर्ज कधी फिटलं, घरातलं कोण मेलं, ही नावं कुठल्यातरी ऑफिसातून फुटतात आणि हे भामटे ती विकत घेतात. रिफंडही नसतो आणि खातंही नसतं.

कुबरा ऐकत होती, पण तिचं डोकं अजून मागेच अडकलं होतं. तिला एकच विचारायचं होतं. मला का नाही सांगितलं? मी काय परकी होते?

शब्बीरने मान खाली घातली. "भाई म्हणायचे, व्याजाचं पाप माझ्या एकट्याच्या नावावर राहू दे. तिला सांगितलं तर ती पण त्यात वाटेकरी होईल. तिच्या हिशोबात ते नको."

तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. कोथिंबिरीखाली थरथरत राहिला. सवयीने कुबराचं अंग आधीच आकसलं होतं, डोक्याला काय कळलंय याची हातांना अजून खबर नव्हती. शब्बीर फोन ओढून घ्यायला गेला. तिने मानेने नको म्हटलं आणि फोन कानाला लावला.

करडा आवाज म्हणाला, आठ दिवस संपले, माणूस नोटीस घेऊन निघालाय.

"येऊ दे," कुबरा म्हणाली. तिचा आवाज कापत होता, भीती काही लगेच जात नाही. "जुम्म्याला ये. नमाजानंतर आमच्या मशिदीत उभा राहा आणि सगळ्या जमातीसमोर बोल, इद्रीसकडून माझं एवढं येणं हाय. मी तिथेच रोख मोजते. तुझा चेहरा तेवढा दाखव."

पलीकडे कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. मग फोन बंद झाला. ती तो कानाला तसाच धरून बसली होती, शब्बीरने तो हळूच काढून घेतला.

सोनाराने अजून बांगड्या आटवल्या नसतील, आत्ताच मागे फिरू, असं शब्बीर म्हणाला. गेलेली मजुरी गेली, तिची तक्रार उद्या देऊ, गुरुजींना सोबत घेऊ, असंही म्हणाला. ती हो म्हणाली. पण त्याने गाडी सुरू करायला हात घातला तसा तिने त्याला थांबवलं. ओढणीने तोंड पुसलं. काहीतरी विचारायचं होतं आणि ते विचारायला तिला त्या करड्या आवाजापेक्षाही जास्त भीती वाटत होती.

"मी त्यांना बायकांत बसवून इतकं बोलायचे. घरकोंबडा म्हणायचे. तुला काय सांगायचे ते?"

"काय न्हाय. हसायचे."

"हसायचे?"

"व्हय भाभी. म्हणायचे, ती बडबडतेय ना, मग बरं हाय. ज्या दिवशी गप बसेल त्या दिवशी समजायचं, तिला कळलं."

शब्बीरने गाडी वळवली आणि ते मुरुडच्या बाजाराकडे निघाले. सोनाराने बांगड्या परत दिल्या तेव्हा आणि नंतर राजपुरीला घर येईपर्यंत कुबरा काहीच बोलली नाही.